धुक्यातला नवस

सेनेनला नवस फेडायचा होता, म्हणून आम्ही निघालो. तरुणपणी आमच्या कोळशाच्या खाणीत छत कोसळलं आणि आम्ही दोघं आत अडकलो, तेव्हा त्या मिट्ट काळोखात तो संत सांतियागोला मोठ्याने नवस बोलला होता, "सांतियागो बाबा, बाहेर काढलंस तर आम्ही दोघं चालत तुझ्या दारी येऊ!" मला न विचारता त्याने मलाही त्यात ओढलं. माझा देवावर विश्वास नाही. पण खाणीची धूळ आता सेनेनच्या फुफ्फुसात घट्ट बसली होती.

"बेलार्मिनो, आता नाही तर कधीच नाही," तो एक दिवस म्हणाला. मी पाठपिशवी भरली.

ओविएदो शहरापासून पश्चिमेला, सांतियागोच्या समाधीकडे जाणाऱ्या यात्रेच्या वाटेने आम्ही रमतगमत चाललो. चेस्टनटच्या झाडांच्या सावल्या, ओल्या कुरणांचा वास, वळणावळणावर वाट दाखवणारे, शिंपला कोरलेले दगड. चालता चालता डोळा लागावा असे दिवस होते ते. बोरेस गावात मात्र धर्मशाळेच्या तेल्विनाने आम्हाला दारातच अडवलं. "आजोबा, डोंगरावरून जाऊ नका. धुकं उतरणार आहे. खालच्या वाटेने जा, थोडं लांब पडेल एवढंच."

"आजोबा कोणाला म्हणतेस गं?" सेनेन तडकला. "जुने यात्रेकरू वरूनच गेले. आम्हीही वरूनच जाणार!"

"नवसात वाट कुठे ठरली होती?" मी म्हटलं.

"तू गप रे. तुला देवाधर्मातलं काय कळतं?"

चढ सुरू झाला. थोडं चालायचं, काठीवर रेलायचं, सेनेनची शिट्टी वाजवणारी छाती शांत होईपर्यंत थांबायचं. माथ्याजवळ धुकं आलं. आधी पायांशी, मग कमरेशी, मग सगळीकडे. डोंगर विरघळला. कुठेतरी गाईंच्या घंटा किणकिणत होत्या. एखादी मोकाट घोडी अगदी समोर उगवायची, आमच्याकडे पाहायची आणि पुन्हा पांढऱ्यात मिसळून जायची. भीती वाटायला हवी होती, पण आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत होतो.

मग वाट हरवली. सेनेन मटकन खाली बसला.

"इथून हलू नकोस. मी पुढचा दगड शोधतो," मी म्हटलं. दगड सापडला नाही. मागे वळलो, तर सेनेनही नाही!

"सेनेन!"

ओ द्यायला त्याच्या छातीत हवा होतीच कुठे! मी धावलो. पाय घसरला! खडी सुटली, मी घरंगळलो, हाताला एक झुडूप लागलं. गच्च धरलं. खाली किती खोल होतं, दिसलं नाही. कसाबसा वर आलो, गुडघ्यांवर बसलो आणि जन्मात पहिल्यांदा नवस बोललो, "सांतियागो बाबा, माझा सेनेन परत दे. मी त्याला घरी नेतो. तुझ्याकडे नाही. घरी!"

मग खाणीत करायचो तेच केलं. श्वास रोखला आणि कान दिला.

टक्. टक् टक्.

दगडावर दगड! मी थांबत, ऐकत, चाचपडत गेलो. यात्रेकरूंसाठी कोणे एके काळी बांधलेल्या, आता पडक्या धर्मशाळेच्या भिंतीआड सेनेन बसला होता. ओठ निळे. वाऱ्यापासून आडोसा शोधत तो तिथवर रांगत गेला होता. भोवती तीन घोड्या आणि एक शिंगरू, त्यांच्या अंगाची ऊब त्याच्यावर पडत होती. मी त्याच्या तोंडाला औषधाचा फवारा लावला, त्याला माझ्या कोटात घेतलं. किती वेळ गेला, कोण जाणे. मधेच शिंगराने माझी टोपी हुंगली.

हळूहळू धुकं खाली बसलं. आम्ही ढगांच्या समुद्रावर होतो. दूरची शिखरं बेटांसारखी तरंगत होती. सेनेनच्या गालांवर रंग आला.

"चल," तो म्हणाला. "बाबा वाट बघतोय."

"नाही. मी नवस बोललोय."

"तू?"

मी सांगितलं. तो इतका हसला की खोकत भिंतीला टेकला.

"मग? बाबाने दिलं की नाही?"

"दिलं."

"मग फेड लेका, माझा नवस जुना आहे. त्याला थांबायची सवय आहे."

त्याने पश्चिमेकडे तोंड करून टोपी काढली. मग माझा दंड धरून वळला.

उतारावर तोच पुढे होता. समोरून येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला अडवून, धापा टाकत, मोठ्या ऐटीत सांगत होता, "आम्ही उलटे चाललोय! याचा नवस आहे!"