मिठाचं पाणी की लस?

कवडीला टोचलेल्या इंजेक्शनमध्ये लस होती की नुसतं मिठाचं पाणी, हे सांचीला कळत नव्हतं आणि आता तिला धीरही धरवत नव्हता.

कवडी ही तिची देवणी जातीची गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. ती लहान कालवड होती तेव्हा सांचीची आत्या गावात आली होती. आत्या म्हणजे डॉक्टर विशाखा, जनावरांच्या रोगांवर काम करणारी शास्त्रज्ञ. ती एका नव्या लशीची चाचणी घेत होती. आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या कालवडींना लस मिळाली, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ते एकट्या टिटवीला ठाऊक होतं. टिटवी हा लांब, काटकुळ्या पायांवर चालणारा आणि इंजेक्शन देणारा यंत्रमानव.

रोगाचं नाव होतं ब्रुसेलोसिस (जिवाणूंमुळे होणारा, गाभण जनावरांचे गर्भ पाडणारा रोग). सांचीच्या घरात हे नाव नवं नव्हतं. तिच्या बाबांनी एकदा विताना अडलेल्या गाईला उघड्या हातांनी मदत केली होती. त्यानंतर कितीतरी महिने त्यांचा ताप जायचा आणि परत यायचा, सांधे ठणकायचे.

आता कवडी गाभण होती. आणि आज सकाळीच शेजारच्या बसवराजकाकांची गाय मैना गाभडली होती, तिचा गर्भ पडला होता. दोघी एकाच माळावर चरायच्या.

आत्या हातमोजे घालून काकांच्या गोठ्यात गेली होती. टिटवी मात्र सांचीच्या अंगणात, नव्या कालवडींसाठी इंजेक्शनं भरत उभी होती.

"टिटवी, कवडीला काय दिलं होतंस?"

"मला माहीत आहे, पण सांगता येणार नाही."

"मग तिला आत्ता लस दे."

"देता येणार नाही."

सांची गोठ्यात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. कवडी शांतपणे कडबा खात होती. त्या शांतपणाचाच सांचीला राग आला. टिटवीची पाठ वळताच, लसच असणार असं धरून, तिने भरलेलं इंजेक्शन उचललं आणि गोठ्याकडे धावली.

टिटवीची शिटी वाजली. आत्या धावत आली तेव्हा सांचीचा हात कवडीच्या मानेवर होता.

"सांची, सुई खाली कर. हळू. स्वतःला लागू देऊ नकोस."

आत्याचा आवाज इतका बारीक झाला होता की सांची घाबरली. तिने इंजेक्शन आत्याच्या हातात दिलं. आत्याने सुईवर टोपण चढवलं.

"यात लस असेल, तर जिवंत जिवाणू आहेत," ती म्हणाली. "त्यांना अशक्त केलंय. कालवडीचं शरीर त्यांच्याशी लढायला शिकतं आणि पुढे खऱ्या रोगाला अडवतं. पण गाभण गाईला हेच टोचलं, तर लशीनेच ती गाभडू शकते. तुला सुई लागली असती, तर तुलाही बाबांसारखा ताप आला असता."

सांचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग असली धोक्याची लस देता कशाला?"

"म्हणून तर आधी सुरक्षितता तपासतो. कोणत्या वयात द्यायची, टोचल्यावर ताप किती येतो, पुढे दुधात जिवाणू उतरतात का, ते बघतो. मग परिणामकारकता, म्हणजे लस खरंच रोग अडवते का."

"आणि मिठाचं पाणी? ती तर फसवणूक आहे."

"समज, सगळ्यांना लस दिली आणि एकही गाय गाभडली नाही. ते लशीमुळे झालं, की यंदा रोगच आला नाही म्हणून?"

"ते कसं कळणार?" सांची म्हणाली.

"म्हणून तुलनागट लागतो (त्याच माळावर चरणारी, पण लस न मिळालेली जनावरं). बाबांना हे सगळं सांगूनच विचारलं होतं. ते हो म्हणाले."

"मग निदान तुला तरी माहीत हवं."

"मला ही लस यशस्वी व्हायला हवी आहे, सांची. लस मिळालेली गाय आजारी दिसली, तर माझं मन म्हणेल, काही नाही, दमली असेल. म्हणून ते माझ्यापासूनही लपवलंय." आत्याने कवडीच्या पाठीवर हात ठेवला. "मलाही झोप लागत नाही."

पुढचे आठवडे सांचीचं शाळेत लक्ष लागेना. घरी आली की दप्तरासकट आधी गोठ्यात. शेवटी एका सकाळी बाबा कोपरापर्यंत हातमोजे चढवून बसले आणि कवडीला वासरी झाली. ओली, थरथरती, पण लगेच उभं राहायला धडपडणारी.

"लसच होती," सांची म्हणाली.

चाचणी संपल्यावर टिटवीने सगळं उघड केलं. कवडीला मिठाचं पाणी मिळालं होतं. लस मिळाली होती मैनेला.

सांची चक्रावली. "म्हणजे लस फसली?"

"तू दोनच गाई बघते आहेस," आत्या म्हणाली. "सगळ्या गावांतल्या बघ. लस मिळालेल्यांत मैनेसारख्या मोजक्याच गाभडल्या. मिठाच्या पाण्यावाल्यांत त्याच्या कितीतरी पट. कवडी नशिबाने वाचली. कुठलीही लस प्रत्येकीला वाचवत नाही, पण ही पुष्कळ जणींना वाचवते."

"म्हणजे एकट्या कवडीला विचारून उत्तर मिळालंच नसतं."

"नसतं मिळालं. आता वासरीला योग्य वयात लस द्यायचीच. पण एका डोसचा परिणाम किती वर्षं टिकतो, हे अजून माहीत नाही. नवी चाचणी आहे. पहिला डोस सगळ्यांना. वर्षभराने, गाभण नाहीत ना ते बघून, निम्म्यांना त्याच लशीचा सौम्य दुसरा डोस, निम्म्यांना..."

"मिठाचं पाणी."

"हो. बाबांनी निर्णय तुझ्यावर सोडलाय."

वासरी सांचीची ओढणी चघळत होती. सांचीने ती सोडवून घेतली नाही.

"घे तिला चाचणीत," ती म्हणाली. "पण तिच्या एकटीवरून काही ठरवायचं नाही. सगळ्यांचं मोजायचं."