सहीखालचं नाव

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या शेजारच्या घरात घडलंय. इंग्लंडातल्या लडलो गावात, गेल्या नोव्हेंबरात, चहाच्या वेळी. चार वाजताच अंधारून आलं होतं.

शेजारचे बर्नार्ड टिल्कॉट म्हणजे एक वल्लीच. लहान मुलांची जुनी पुस्तकं जमवायचे. पहिलीच आवृत्ती हवी, वर लेखकाची सही हवी. सगळी काचेच्या कपाटात, कुलपात! ज्याला कधी एकाही पोराचा हात लागला नाही, ते पुस्तक त्यांच्या लेखी सर्वांत उत्तम. पोटच्या लेकीला, फिलिपालाही, त्यांनी कधी कपाटाजवळ फिरकू दिलं नाही. ती मोठी झाली आणि यायचीच बंद झाली.

त्या महिन्यात त्यांना दीपगृहातल्या मांजराच्या गोष्टीचं एक दुर्मिळ पुस्तक मिळालं. विकणारा म्हातारा म्हणाला, "माझ्या बहिणीचं आहे. लहानपणीच तापानं गेली बिचारी. तिचं एवढंच उरलंय. जपा हं."

सहीखाली शिसपेन्सिलीनं वेडंवाकडं लिहिलं होतं... एल्सी.

टिल्कॉटांनी घरी येऊन पहिल्यांदा काय केलं असेल? खोडरबर काढलं. एवढ्या मोठ्या लेखकाची सही, तिच्याखाली ही गिचमिड कशाला!

नाव गेलं.

त्या रविवारी फिलिपा आली. कित्येक वर्षांनी. सोबत तिची छोटी मॉड. आजोबा नातीला पहिल्यांदाच बघत होते. केक कापला. थोडं हसणंही झालं. तुटलेलं सांधतंय असं वाटत होतं...

आणि आतल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला.

मॉडची खुर्ची रिकामी होती.

टिल्कॉट धावले. मॉड कपाटासमोर शांत उभी. कपाटाला कुलूप. आत मांजराचं पुस्तक उघडं... आणि पानावर जॅमच्या इवल्याशा बोटाचा ठसा.

"हात लावलास?"

"मी नाही, आजोबा. ती वाचतेय ना."

"कोण ती?"

"जिचं नाव तुम्ही पुसलंत."

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"खोटारडी! आईवरच गेलीयस!"

फिलिपानं कोट उचलला. "किल्ली तुमच्या खिशात आहे, डॅड. तरी चोर माझीच पोर! बसा तुमची पुस्तकं कुरवाळत. आम्ही मेलो समजा."

गाडी गेली. घर चिडीचूप झालं.

मग पुन्हा... पान उलटलं.

टिल्कॉटांची तंतरली. पण त्याहून जास्त त्यांना स्वतःच्या जिभेचा राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पुस्तक मॉडच्या नावानं टपालानं धाडलं. जीव तुटला असेल, पण धाडलं.

पार्सल परत आलं. न उघडता. वर फिलिपाच्या अक्षरात, "नको."

त्यांनी ते माझ्यासमोर फोडलं. गोंदपट्टी जशीच्या तशी होती, मी स्वतः पाहिली.

सहीखाली नाव होतं. एल्सी.

आणि त्याच्याखाली, त्याच वेड्यावाकड्या अक्षरात... मॉड.

तेव्हापासून ते रोज फोन लावतात. पोर बरी आहे ना, एवढंच विचारायचंय. फिलिपा उचलत नाही.

काल गेलो तर पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. हातात खोडरबर.

"पुसू का रे?" त्यांनी विचारलं. "पुसलं तर मॉडला काही होणार नाही ना? आणि राहू दिलं तर?"