वाघिणीचे हरवलेले घोडे

सहाशे चाळीस घोड्यांची गाडी साडेचारशे घोड्यांच्या गाडीकडून हरू शकते का?

हे कोडं ऋजुता मगदूमला आदल्या दिवशी कुणी घातलं असतं, तर ती फिसकन हसली असती. वर ‘तुला वजाबाकी येते ना रे?’ असंही विचारलं असतं. पण कोडं तिला कुणी घातलंच नाही. ते भर उन्हात, हजारो माणसांसमोर, तिच्या डोळ्यांदेखत घडलं आणि सातवीतल्या त्या बडबड्या पोरीची वाचाच बसली.

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या विजेवर पळायला लागून बरीच वर्षं झाली होती. इंधन जाळून गुरगुरणारी बहुतेक जुनी इंजिनं संग्रहालयात काचेमागे जाऊन बसली होती. कोल्हापूरजवळच्या एका पठारावर, विमानांच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर, वर्षातून एक दिवस मात्र उरलेली जागी व्हायची. उसाच्या मळीपासून केलेलं इथेनॉल टाकीत भरायचं, दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या आणि दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत पाव मैल सुसाट सुटायचं. वळण नाही, वळसा नाही. प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या. त्यांतली एक तरी अकरा सेकंदांच्या आत पुरी झाली, तर त्या गाडीला पुढेही चालत राहायची परवानगी. नाही जमलं, तर त्याच संध्याकाळी इंजिनाला सील आणि गाडीची रवानगी काचेमागे. दयामाया नाही.

सानिकाआत्याची लाल ‘वाघीण’ त्या दिवशी पहिल्यांदाच धावपट्टीवर उतरली होती. आत्याने कितीतरी वर्षं खपून ती भंगारातून उभी केली होती आणि ऋजुता तिच्या टपावर बसून लहानाची मोठी झाली होती. वाघिणीच्या इंजिनावर सुपरचार्जर होता (इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनाच्या पोटात जादा हवा कोंबणारा पंप). जास्त हवा आत गेली की जास्त इंधन जाळता येतं, आणि जास्त इंधन जळलं की जोर वाढतो. एवढं ऋजुताला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

जोर किती वाढला, ते मापाडीने सांगितलं होतं. मापाडी हा आत्याच्या वर्कशॉपमधला यंत्रमानव. तो ऋजुताच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी बनवला होता. आबा उष्णतेचे शास्त्रज्ञ, पण स्वभावाने मिश्कील. बाजार समितीतले जुने मापाडी धान्य मोजताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, तसंच म्हणायला त्यांनी यालाही शिकवलं होतं. मापाडीच्या पायाशी डायनो होता (गाडीला जागेवरच पळवून तिची ताकद मोजणारं यंत्र). जमिनीत बसवलेले दोन जाडजूड पोलादी रूळ, त्यांवर गाडीची मागची चाकं. गाडी पट्ट्यांनी जखडून टाकायची आणि मग ॲक्सिलरेटर दाबायचा. गाडी जागची हलत नाही, रूळ मात्र गरगरतात. रुळांचं वजन मापाडीला तोंडपाठ. ते किती झपाट्याने वेग घेतात, त्यावरून तो अश्वशक्तीचा आकडा काढायचा.

वाघिणीचा आकडा निघाला सहाशे चाळीस. मिरजेहून आलेली ‘टिटवी’ नावाची चिमुकली पांढरी गाडीही त्याच रुळांवर मोजून गेली होती. तिचा आकडा साडेचारशे. ऋजुताने त्याच दिवशी पिवळा रंग आणला आणि वाघिणीच्या दारावर हातभर उंचीचे आकडे रंगवले: ६४०.

आणि शर्यतीत काय झालं? दिवा हिरवा झाला. वाघिणीची चाकं जागच्या जागी गरगरली, धुराचा लोट उठला आणि टिटवी भुर्रकन निघून गेली. टिटवीने अकराच्या आत पल्ला गाठला. वाघिणीला बारा सेकंदांच्याही वर लागले.  मग मागून कुणीतरी ओरडलं, घोडे चरायला गेले वाटतं! आणि अख्खी गर्दी खदखदून हसली.

 आता एकच फेरी उरली होती. ती गेली की वाघीण कायमची काचेमागे. ऋजुताने मनगटावरचा स्पीकर तोंडाजवळ धरला.

“मापाडी, तू खोटं बोललास.”

“मला खोटं बोलता येत नाही, ऋजुताताई,” वर्कशॉपमधून शांत आवाज आला. “जे मोजायला सांगितलं, ते मी मोजलं.”

तो खरंच बोलत होता, आणि त्याचाच तिला जास्त धक्का बसला. आकडा खरा आणि हारही खरी. दोन्ही खरं कसं असेल?

आबा गाडीच्या सावलीत पत्र्याच्या पेटीवर येऊन टेकले. ते रागावले नाहीत की समजूत घालत बसले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, की रुळांवर वाघीण पट्ट्यांनी करकचून बांधलेली असते, तर इथे तिला कोण बांधणार? रस्सीखेचीत सगळ्यात दांडगा गडी ओल्या फरशीवर उभा केला, तर पोरंसोरंही त्याला ओढून नेतील. त्याच्या अंगात जोर नसतो असं नाही, पायाला पकड नसते. वाघिणीचंही तेच झालं. जोर एकदम सुटला, टायरांना जमीन धरता आली नाही. शिवाय मापाडीने ताकद मोजली होती, गाडीचं वजन कुठे केलं होतं? टिटवी फुलासारखी हलकी. तिच्या घोड्यांना ओझंच कमी.

ऋजुताच्या जिवात जीव आला. म्हणजे वाघीण फक्त घसरली, घोडे शाबूत आहेत!

आबांनी नकारार्थी मान हलवली. चाकं सुरुवातीला घसरली तर वेळ वाया जातो, हे कबूल. पण पुढे पकड मिळाली की ताकदवान गाडी वेग घेतेच. म्हणून पल्ला संपतानाचा वेग सहसा खरं बोलतो. त्यांनी मापाडीला तो वेग आणि वाघिणीचं वजन सांगितलं, आणि त्यावरून ताकद काढायला लावली.

“पाचशे,” मापाडी म्हणाला. मग वजाबाकी करून म्हणाला, “आबा, एकशे चाळीस घोडे कमी भरतायत.”

 एकशे चाळीस घोडे! पाव मैलाच्या रस्त्यात गेले कुठे?

आबांनी डिकीतून सायकलचा पंप काढला. त्याचं तोंड एका हाताच्या बोटाने दाबून धरायला आणि दुसऱ्या हाताने दांडा जोरजोरात मारायला त्यांनी ऋजुताला सांगितलं. तिने दम लागेपर्यंत पंप मारला आणि खालच्या टोकाला हात लावला. चटका बसला! आत आग नाही, वीज नाही, नुसती हवा. ती चकित होऊन पंपाकडे बघतच राहिली.

आबांनी मग सावकाश उलगडून सांगितलं. हवा दाबली की ती तापते. सुपरचार्जर हवाच दाबतो, म्हणून तोही हवा तापवतो. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो, मग इंधनही कमी जळतं. त्यातून हवा फारच तापली, तर इंधन भलत्याच वेळी पेटून इंजिन फुटायची भीती. म्हणून गाडीतला संगणक वेळीच हात आखडता घेतो आणि जोर कमी करून इंजिन वाचवतो. हे सगळं होऊ नये म्हणून वाटेत इंटरकूलर बसवलेला असतो (दाबलेली हवा पाण्याने गार करणारी जाळी). पण तेच पाणी तापलं, तर जाळी तरी काय करणार?

“पण रुळांवरही हाच सुपरचार्जर होता,” ऋजुता म्हणाली.

“होता. तेव्हा गाडीसमोर काय होतं?”

समोर दाराएवढा पंखा होता. बॉनेट उघडं होतं. इंटरकूलरच्या पाण्यात बर्फ होता. आणि गाडी चालू केल्या केल्या मोजून झाली होती.

“आणि आज सकाळी?”

ऋजुता एकेक आठवायला लागली. आज सकाळी वाघिणीची पूजा झाली. नारळ फुटला. मग प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, शाल, श्रीफळ, आणि मग पाहुण्यांचं भाषण. ते एकदा माईकला चिकटले ते चिकटलेच. नंतर फोटो. आणि तेवढा सगळा वेळ वाघीण उन्हात एका जागी उभी राहून गुरगुरत होती. ना पंखा, ना पळताना लागणारा वारा. आत्याने इंजिन बंद करायला हात नेला होता. तो हात कुणी धरला होता? ‘राहू दे ना गं आत्या, ऐकू दे सगळ्यांना सहाशे चाळीस,’ असं कोण म्हणालं होतं?

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

“आत्या, मीच तापवली तिला.”

सानिकाआत्या टायरापाशी बसली होती. तिने वर बघितलं. “चावी माझ्या हातात होती, बाळ. मलाही ऐकायचंच होतं की.”

आबांनी मात्र हळहळायला वेळ दिला नाही. त्यांनी जो उपाय सांगितला, तो ऐकून दोघींचेही डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सुपरचार्जरची लहान पुली (पट्ट्यावर फिरणारं चाक) काढा आणि पेटीतली मोठी बसवा, म्हणाले. मोठी पुली म्हणजे सुपरचार्जर सावकाश फिरणार, हवा कमी दाबणार. हवा कमी तापेल, जोर बेताने सुटेल, टायर जमीन धरतील.

“आणि आकडा?” ऋजुताने घाबरत विचारलं.

“माझ्या रुळांवर पाचशे सत्तरच्या आसपास,” मापाडीने सांगून टाकलं.

शेवटची फेरी अकराच्या आत पुरी करायची आणि घोडे कमी करायचे? हे तर उलटी गंगा वाहिल्यासारखं वाटत होतं.  आत्याचा पाना हातातच राहिला. तिची नजर दारावरच्या ६४० वर होती.

ऋजुताने चिंधी उचलली, इथेनॉलमध्ये बुचकळली आणि दार पुसायला लागली. हात भरून आले, डोळेही भरून आले, पण ती थांबली नाही. पिवळा रंग ओघळला आणि दारावर नुसता फराटा उरला. आत्याने ते पाहिलं आणि पाना लावून पुली सोडवायला घेतली.

मग एकच धांदल उडाली. पठाराच्या कडेला रसवंती होती, तिथून ऋजुताने बादलीभर बर्फ आणला आणि इंटरकूलरच्या टाकीत ओतला. मागच्या टायरांतली हवा थोडी कमी केली, म्हणजे टायर जमिनीवर जास्त पसरतील आणि पकड वाढेल. पाळी येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, असं ठरलं. वाघीण रेषेपर्यंत ढकलत नेली, तेव्हा गर्दीतून ‘ढकलगाडी आली, ढकलगाडी!’ अशा आरोळ्या उठल्या. तेवढ्यात प्रमुख पाहुणे पुन्हा हसतमुखाने पुढे आले. गाडी चालू करा, आवाजासकट चित्रफीत हवी, म्हणाले. ऋजुता हात जोडून त्यांच्या आडवी उभी राहिली.

“साहेब, नंतर. आत्ता ती तापेल.”

ऊन सकाळपेक्षा कडक होतं. शेजारी पुन्हा टिटवीच. आत्याने अगदी शेवटच्या घडीला चावी फिरवली. ऋजुताच्या मनगटावर मापाडी सेकंद मोजत पुटपुटायला लागला, “लाभ... दोन... तीन...”

दिवा हिरवा झाला. धूर नाही, गरगर नाही. वाघिणीने मागचे पाय रोवल्यासारखी जमीन धरली आणि झेप घेतली.  पल्ल्याच्या टोकाला टिटवी नखभर पुढेच होती, पण ऋजुता टिटवीकडे बघतच नव्हती. ती फलकाकडे बघत होती. फलकावर वाघिणीचा आकडा उमटला: दहा पूर्णांक आठ.

तिला तो खराच वाटेना. तिने दोनदा वाचला. मग गर्दीतून ‘नाद खुळा!’ असा गलका उठला आणि ती हमसाहमशी रडली.

“शेवटच्या वेगावरून पाचशे सत्तर,” मापाडी म्हणाला. “सगळे घोडे पोचले, ऋजुताताई. एकही वाटेत राहिला नाही.” मग त्याने विचारलं, “आबा, मी आजवर वर्कशॉपच्या बाहेर आलोच नाही. ऊन म्हणजे काय, मला मोजता येईल का? आणि वारा? आणि पकड?”

आबा डोळे पुसत हसले. चाचणीच्या मंचावर बांधलेलं रॉकेट आणि आभाळात गेलेलं रॉकेट यांच्यातही असाच फरक असतो, म्हणाले. खोलीतला आकडा खोटा नसतो, तो फक्त त्या खोलीचा असतो. मापाडीला बाहेर न्यायचं आबांनी तिथेच कबूल केलं, आणि त्याला चाकं बसवायचं काम ऋजुताने मागून घेतलं.

वाघीण आजही चालते. दारावर पिवळा फराटा तसाच आहे. पोरं जमली की हटकून विचारतात, हिच्यात घोडे किती? ऋजुता डिकी उघडून सायकलचा पंप काढते आणि म्हणते, आधी याच्या तोंडावर बोट धर, मग सांगते.