उसने काटे

घेतलेली वस्तू परत करायची, एवढेच काम होते. त्याला फार तर अर्धा तास लागला असता. पण काटेकाकांनी ते नऊ दिवस पुढे ढकलले होते, आणि आता दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे परतीचे विमान होते.

काटेकाका हे अर्थातच त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. मालाचे वजनकाटे तपासण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. गोदामात जायचे, काट्यावर प्रमाणित वजने ठेवायची, काटा खरे बोलतो की खोटे ते पाहायचे, मोहोर लावायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची. स्वभावही धंद्याला साजेसा काटेकोर. असे नाव पडले नसते तरच नवल. निवृत्तीला दोन महिने उरलेले असताना त्यांना या बर्फाच्या शहरात धाडण्यात आले, तेव्हा गुडघे, कंबर आणि मन या तिघांनीही एकदमच तक्रार केली. मुलीने निघताना बजावले होते की, तिकडे बुटांवर चढवायचे काटे मिळतात, रबराच्या जाळीला खालून पोलादी दात असलेले. उतरल्यावर आधी ते घ्या, मग कामाला लागा. काकांनी ते हसण्यावारी नेले. जन्मभर काट्यांची चाकरी केली, आता पायातही तेच कशाला, असे म्हणून त्यांनी विषय मिटवला.

गोदामाचा कारभार पाहणारे भाऊ त्यांना पहिल्याच भेटीत आपलेसे वाटले. पंचावन्नच्या घरातला, भरल्या अंगाचा, मोकळा माणूस. मोठ्या काट्याचे चारही कोपरे सारखे बोलतात का हे पाहायला जड वजने इकडून तिकडे हलवावी लागत. काकांनी कंबर धरलेली पाहिली की भाऊ स्वतःच काट्यावर चढत आणि सांगतील त्या कोपऱ्यात उभे राहत. आपले वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे, नोंद करून ठेवा, मात्र बायकोने विचारले तर पंचाहत्तर सांगा, असे ते गंभीर चेहऱ्याने बजावत.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस पडला आणि पडता पडताच गोठला. रस्त्यांना काचेची कळा आली. संध्याकाळी गोदामाच्या दारातच काकांचा पाय सटकला. भाऊंनी दंड धरला म्हणून सावरले. मग भाऊ तिथेच एका पेटीवर टेकले आणि त्यांनी आपल्या बुटांवरचे काटे ओढून काढले.

"घाला काका. पाहुणा पडला तर यजमानाचं नाव जातं."

काकांनी एकदा नको म्हटले. भाऊ म्हणाले की, आपल्याला सवय आहे, तीस हिवाळे काढलेत इथे. काकांनी दुसऱ्यांदा नको म्हटले नाही.

त्याच संध्याकाळी भाऊ स्वतःच्या घराखालच्या उतारावर घसरले. डोके पायरीच्या कडेवर आदळले. उजाडेपर्यंत सारे संपले होते.

समाचाराला काका गेले. बसलेली माणसे हळू आवाजात एकच बोलत होती: एवढा जाणता माणूस, आणि काटे न घालता बाहेर पडला. वहिनींचे डोळे कोरडे होते. "एवढी एकच गोष्ट मी रोज सांगायचे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत एवढंही माझं ऐकलं नाही." त्या आवाजात दुःखापेक्षा राग अधिक होता, आणि मेलेल्या माणसावरचा राग फार एकाकी असतो, त्याला समजूत घालणारे कोणी उरलेले नसते. काकांच्या पायाशी पिशवी होती, पिशवीत काटे होते. एक वाक्य बोलले असते तर त्या माउलीच्या मनातले किल्मिष धुऊन निघाले असते. वाक्य जिभेवर आले आणि तिथेच थिजले. उद्या बोलू, असे म्हणत त्यांनी नऊ दिवस काढले. थकलेल्या माणसाला 'उद्या' हा शब्द देवासारखा वाटतो.

आज मात्र उद्या उरला नव्हता. गोदामातले शेवटचे काम दुपारी तीनला आटोपले, तोवर बाहेर अंधारून आले होते. तिथे हिवाळ्यात दिवस असाच अर्ध्यावर मरतो. माणसे निघून गेली होती. काकांनी पेटीवर बसून बुटांवर काटे चढवले, कारण ते परत करायला जायचे तर ते घालूनच जाणे भाग होते. दाराकडे जाताना वाटेत जमिनीत बसवलेला मोठा काटा लागला. त्यावर पाय पडला, आणि डोळा सवयीने तबकडीकडे गेला.

एकशे चाळीस.

काका थांबले. कोटासकट त्यांचे वजन बासष्ट. त्यांनी खाली उतरून पाहिले. काटा शून्यावर आला. वीस किलोचे प्रमाणित वजन ठेवले. काटा वीसवर गेला. मग त्यांनी वाकून, धापा टाकत, काटे काढले आणि नुसत्या बुटांनी वर चढले. बासष्ट. काटे तेवढे ठेवून पाहिले. अर्धा किलोसुद्धा भरले नाहीत. पुन्हा पायात चढवले, पुन्हा वर गेले.

एकशे चाळीस.

वजाबाकी त्यांनी मांडली नाही. मांडायची गरज नव्हती. माणसे खोटे बोलतात, हे त्यांना चाळीस वर्षे ठाऊक होते. मोहोर लावलेला काटा खोटे बोलताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मनातल्या मनात नाम घ्यायला सुरुवात केली आणि दार ओढून घेतले.

रस्त्यावर थंडीला लोखंडाचा वास होता. दुकानांचे दिवे लागले होते, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. काकांच्या प्रत्येक पावलागणिक पोलादी दात बर्फात रुतत: कच्… कच्… आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या पोकळीत आणखी एक आवाज होता. गुळगुळीत तळव्याचा. सर्र… सर्र… कोणीतरी शेजारून चालत होते, घसरत होते, सावरत होते. उतार सुरू झाला तसा उजव्या खांद्यावर भार आला. ढकलणारा नव्हे, ओढणारा नव्हे. तोल जाणारा माणूस चांगले बूट घातलेल्याच्या खांद्याला धरतो ना, तसा. काकांनी मागे पाहिले नाही. भीतीपेक्षाही त्यांना त्या क्षणी दमणूक अधिक जाणवत होती. दोन देहांचे ओझे घेऊन एक म्हातारा उतार चढत होता, आणि ओठांवरचे नाम दर चार पावलांना तुटत होते.

इमारतीच्या दाराशी पोचले तेव्हा भार उतरला. काकांनी काटे काढून हातात घेतले आणि कठडा धरून ते तिसऱ्या मजल्यावर गेले.

वहिनींनी दार उघडले. नऊ दिवसांत त्या नऊ वर्षांनी वाकल्या होत्या. त्यांनी काट्यांकडे पाहिले आणि काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

"गोदामात सापडले," काका म्हणाले.

"म्हणजे तिथेच विसरले," वहिनी म्हणाल्या. "वाटलंच होतं मला."

त्यांनी काटे घेतले. इतके सोपे होते ते. काका वळणार, तोच खालून, रस्त्याकडून, आवाज आला. सर्रर्र… आणि मग एक जड, बोथट धप्प.

काका गारठून उभे राहिले. वहिनींनी मान वळवली नाही.

"रोज याच वेळेला," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी धावत गेले होते मी. कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही गेले. आता नाही जात… पडू देत. ज्याला ऐकायचं नाही त्यानं पडावं."

त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. दार लागले, की मग ते कायमचेच. काकांनी चौकटीवर हात ठेवला.

"वहिनी, मी खोटं बोललो. काटे माझ्याकडे होते. त्या संध्याकाळी भाऊंनी स्वतःच्या पायातले काढून मला घातले. ते विसरले नव्हते… तुमचं ऐकूनच घालून निघाले होते ते."

वहिनींचा हात कडीवरून खाली आला.

"नऊ दिवस," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"नऊ दिवस मी त्या माणसाशी भांडतेय, काका."

त्या चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. शिक्षा द्यायलाही अंगात त्राण लागते. त्यांनी काटे काकांच्या हातात परत दिले आणि हलक्या आवाजात सांगितले की, हे खाली उतारावर सोडा. तेवढे झाले की मग तुम्ही मोकळे. मी दार उघडं ठेवते.

काका खाली आले. मधल्या वेळात हिम भुरभुरून गेले होते आणि चढताना उमटलेल्या त्यांच्या साऱ्या खुणा बुजल्या होत्या. उतार वरपासून खालपर्यंत कोऱ्या कागदासारखा पसरला होता. त्याचे खालचे टोक अंधारात बुडाले होते. काकांनी काटे उताणे ठेवले, दात आभाळाकडे, आणि हलकेच सोडून दिले. ते रबराच्या पाठीवर घसरत, एकमेकांना लागत, खाली दिसेनासे झाले.

मग काहीच नाही. स्वतःचा श्वास तेवढा.

आणि मग, दूर खाली, रबर ताणल्याचा आवाज. एकदा. दुसऱ्यांदा.

कच्… कच्… कच्…

काका दारातून आत सरले आणि जिन्याच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. डोळे त्यांनी मिटून घेतले होते. पाहू नये ते पाहू नये, एवढे शहाणपण वयाने दिले होते. थंडीचा एक झोत जवळून गेला. पायऱ्यांच्या दगडावर पोलाद वाजत वर चढले, न घसरता, न थांबता. तिसऱ्या मजल्यावर वहिनींचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण भांडण मिटल्यावरचा तो आवाज कोणालाही ओळखू यावा. दार लागले. आतून कडी सरकली.

काकांचे हात नकळत जोडले गेले. छातीवरची शिळा उतरली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यांना झोप येईलसे वाटले. काटे नव्हते, आता कठडा धरून, बसत उठत, जसे जमेल तसे उतरायचे होते. त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकले आणि पाय कुठे ठेवावा हे पाहण्यासाठी दिव्याच्या उजेडात खाली वाकून बघितले.

कोऱ्या हिमावर दातांची टिंबे उमटली होती. अंधारातून निघालेली, सरळ दारापर्यंत आलेली, ठाम, सारख्या अंतराची. भाऊंची पावले.

आणि त्यांच्या अगदी शेजारून, पहिल्या टिंबापासून शेवटच्यापर्यंत, गुळगुळीत तळव्यांची एक घसरती ओळ होती. ती पावले भाऊंच्या मापाची नव्हती. लहान होती, अरुंद होती, आणि जागोजाग फरफटत आली होती. तोल जाणाऱ्या कोणीतरी भाऊंच्या खांद्याला धरले होते.

काका त्या ओळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरचे दार एकदाच लागले होते, आणि भाऊंच्या खांद्याला धरून आलेले ते जे कोणी होते, तेही त्याच दाराआड गेले होते.