रेघेचा वळ

तुम्हाला पटणार नाही, हे मला माहीत आहे. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. मलाही पटलेलं नाही. पण ती भिंत मी स्वतः चाचपून पाहिली आहे, म्हणून लिहिते आहे.

हे घडलं माझ्या मावशीच्या बाबतीत. मागच्या हिवाळ्यात, तिच्या पहिल्या प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, दोन खोल्यांच्या एका चित्रदालनात.

मावशी अनुवादांची चित्रं काढायची. काचेच्या टेबलाखाली दिवा. काचेवर मूळ पुस्तकाचं पान, शेजारी अनुवादाचं, दोन्हींवर ट्रेसिंग पेपर. मूळ पानावरचा शब्द अनुवादात जिथे जाऊन बसला असेल, तिथपर्यंत कडक पेन्सिलने एक रेघ. मग खालची पानं काढून टाकायची. उरतात नुसत्या रेघा.

"माणसाची चाल असते ना, तशी अनुवादाचीही असते," ती म्हणायची.

तिचा हात बसला तो ताईच्या अनुवादांवर. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण. आम्ही भाचरंही तिला ताईच म्हणायचो. ती हौसेने गोष्टी अनुवादित करायची, छापायला कधी दिल्या नाहीत. शब्द अडला की पेन्सिल पुढच्या दातांवर वाजवायची.

टक... टक... टक.

वाक्याचं शेपूट ती आधी धरायची. त्यामुळे तिच्या रेघा एकमेकींना छेदून जायच्या, उघड्या कात्रीसारख्या.

नावाजलेले अनुवादक होते ते तिचे यजमान, मावशीचे भाऊजी. त्यांच्या रेघा सरळ, समांतर, फणीच्या दातांसारख्या. मावशी कॉलेजात असल्यापासून तिला रंग-कागद आणून द्यायचे ते हेच. ती त्यांना वडिलांच्या जागी मानायची.

ताई गेली. काही महिन्यांनी भाऊजींनी अनुवादित केलेली एक कादंबरी आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. मावशीने प्रदर्शनासाठी तीच निवडली.

पहिला कागद शीर्षकाच्या पानाचा. लेखकाच्या नावापासून भाऊजींच्या नावापर्यंत एक रेघ.

सकाळी ती रेघ नव्हती.

खोडलेली नव्हती... नव्हतीच.

कडक पेन्सिलचा कागदावर वळ राहतो, खोडरबराने तो जात नाही. मावशीने कागद उजेडात तिरका धरून पाहिला. गुळगुळीत.

तिने रेघ पुन्हा काढली. सकाळी पुन्हा नाही.

बाकीचे कागद शाबूत होते. पण त्यांच्यावरच्या रेघा जसजशा वाढत गेल्या, तसतसा मावशीचा हात जड होत गेला.

त्या एकमेकींना छेदत होत्या.

उघड्या कात्रीसारख्या.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी कागद भिंतीवर लागले होते. भाऊजी बघायला आले.

"भाऊजी, हा अनुवाद तुम्ही केलाय?"

"म्हणजे काय? नाव वाचता येत नाही का तुला?" ते हसले.

"रेघा ताईच्या आहेत."

"घरातलंच होतं गं. तिला कुठे नावाची हौस होती?"

"तिला विचारलं होतंत?"

"धाकटे, उद्या लोक माझं नाव वाचून येणार आहेत. तुझं कोण ओळखतंय अजून? बघ बाई, तुझं तू ठरव."

मागच्या खोलीतून आवाज आला.

टक... टक... टक.

"नळाचा पाइप वाजतोय," भाऊजी म्हणाले. पण मान वळवली नाही.

मावशी आत जाऊन आली. मागच्या खोलीत कोणी नव्हतं.

पाइपही नव्हता.

भाऊजी गेले. मावशी एकटीच उभी राहिली. मग तिने ठरवलं. चित्रांखालच्या पट्ट्यांवर भाऊजींचं नाव तसंच राहू दिलं. पहिल्या कागदावरची ती रेघ पुन्हा एकदा काढली, या वेळी जोर देऊन. दिवे मालवले, कुलूप लावलं. किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

सकाळी दार उघडलं, तर सगळे कागद कोरे.

एकही रेघ नाही. एकही वळ नाही.

फक्त पहिल्या कागदावर एक रेघ होती. लेखकाच्या नावाच्या जागेपासून निघालेली. भाऊजींच्या नावाकडे ती वळलीच नव्हती. कागदाची कड ओलांडून भिंतीवर उतरली होती... कोपऱ्यात वळली होती... थेट दरवाजापर्यंत.

दरवाजाशेजारी एक पट्टी होती. 'चित्रकार', आणि खाली मावशीचं नाव.

रेघ त्या नावाच्या पहिल्या अक्षराला टेकून थांबली होती.

प्रदर्शन झालं नाही. भाऊजी आले, भिंत पाहिली आणि निघून गेले. पुस्तकावर अजून त्यांचंच नाव आहे.

नंतर मी ते दालन बघायला गेले. भिंतीला नवा रंग दिला होता. मी टॉर्च तिरका धरला. रंगाखाली वळ होता. नख अडकेल इतका खोल. पेन्सिलने प्लास्टर असं कापता येत नाही. मी घरी करून पाहिलं. शिसं मोडतं.

मावशीने पेन्सिल सोडली आहे. परवा तिचा फोन आला.

"रेघ गेली का गं?"

"रंग दिलाय, मावशी."

"ते नाही विचारलं मी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आणि तेवढ्यात, तिच्या बाजूने की माझ्याच खोलीतून, ते मला अजून सांगता येत नाही...

टक.