बारा पॉइंट एक

तुम्ही कधी एका आकड्याकडे बघत रात्र काढली आहे का? मी काढली आहे, वायोमिंगच्या डोंगरात, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या हंगामात, आमच्या ट्रेलरमध्ये.

माझा दीर ड्यूई दुपारी मांस घेऊन ट्रकने गावात गेला, आणि जनरेटर ट्रकमध्येच राहिला. आमच्या लक्षात आलं तोवर बर्फाने रस्ता बुजला होता, छतावरचं सोलर पॅनेलही झाकलं गेलं होतं. उरली एक बॅटरी.

हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. त्याच बॅटरीवर माझ्या नवऱ्याचं, व्हर्जिलचं, नाकाला लावायचं मशीन. त्याशिवाय झोपेत त्याचा श्वास थांबतो. मी तो थांबलेला ऐकला आहे.

"मी जागाच बसतो," व्हर्जिल म्हणाला.

"तू? चर्चमध्ये तरी जागा असतोस का? झोप. बॅटरी मी बघते."

"बघ, बघ. नवऱ्यापेक्षा बॅटरीचाच लळा जास्त!"

खोटं कशाला बोलू, मला अभिमानच होता. अकरा हंगाम आमची बॅटरी एकदाही बसली नव्हती. शिकारीच्या तळावरचे पुरुष बंदुकांच्या गप्पा मारतात, पण रात्री हीटर किती अंशांवर ठेवायचा हे मला येऊन विचारतात.

मी आधी ट्रेलर खूप तापवून घेतला, खिडक्यांना गोधड्या लावल्या, दिवे विझवले. एक वाजता बॅटरीच्या मीटरवर बारा पॉइंट एक व्होल्ट. बाराच्या खाली गेलं तर सकाळ गाठणं कठीण. मी अंधारात चाचपून हीटरचा फ्यूजच उपटला, हाताला आलं ते खिशात टाकलं.

आता फक्त मशीनचा संथ सुस्कारा. आत… बाहेर.

थंडी वाढायला हवी होती. वाढली नाही. दोन वाजता बारा पॉइंट एक. तीनला तेवढंच. मनात म्हटलं, वा, काय जमवलंस!

मग घोट्याला ऊब लागली. जमिनीलगतच्या हीटरच्या जाळीतून हवा येत होती. थांबत होती. पुन्हा येत होती. मी तळवा धरला, तो ओला झाला. कुजलेल्या पाइनच्या पानांचा वास होता त्याला.

"व्हर्जिल… ऐकतोयस?"

तो गाढ झोपला होता. मध्येच त्याचा श्वास अडकला. जाळीतलाही थांबला… जणू वाट बघत. मग जाळीतून एक लांब फुंकर आली, आणि तिच्यामागून व्हर्जिलचा श्वास सुरू झाला.

उजाडेपर्यंत मी हलले नाही.

सकाळी बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून ड्यूई जनरेटर घेऊन आला. "वहिनी, मला वाटलं गोठून गेलात!"

"गोठतोय कसला!" व्हर्जिल छाती फुगवून म्हणाला. "बायको कोणाची आहे?"

ते दोघे हसत असताना मी फ्यूज परत बसवायला गेले. उजेडात दिसलं, खिशात दोन फ्यूज होते: हीटरचा, आणि त्याच्या शेजारचा, व्हर्जिलच्या मशीनचा. दोन्ही बसवल्यावर मशीनच्या पडद्यावर रात्रीची नोंद उमटली: एक वाजून चार मिनिटांनी बंद.