कोब्याचे पापुद्रे

इंदराक्का लोंढेंनी टाचेनं कोबा घासला आणि टाचेखालून पापडासारखा पापुद्रा सुटला. तो त्यांनी उचलला, बोटांत चुरडला आणि समोर उभ्या असलेल्या गवंडी यास्मिनच्या पायांपुढे पूड सोडली.

"हे तुझं काम? चार महिनं झालं न्हाईत अजून. पीठ व्हायलंय, पीठ! ज्वारीचं असतं तर दोन भाकरी तरी थापल्या असत्या."

बार्शीत कोबा म्हटलं की लोक यास्मिन मुल्लाचंच नाव घेत, आणि तिच्या हातात पहिली थापी आक्कांनीच दिली होती. आक्कांनी उभी जवानी स्लॅबवर घमेली वाहिली, मग मुकादमकी केली. शाळा दुसरीपर्यंतची, पण ओल्या काँक्रीटमध्ये बोट घालून पाणी किती जास्त झालं ते सांगत. अशा बाईच्या दारातला, फाटकापासून ओट्यापर्यंतचा कोबा सोलून निघावा, गाडी आत आली की चाकांमागे पांढरी धूळ उठावी! कुणी भर बाजारात थोबाडीत मारावी तसं त्यांना झालं होतं.

बरं, कोबाही साधा नव्हता. नव्या नियमानं त्यात जिवाणू मिसळलेले. तडा जाऊन आत पाणी शिरलं की ते जागे होत, चुना तयार करत आणि तडा आपोआप बुजवत. शिवाय खडीबरोबर ज्वारीच्या दाण्याएवढे जाणकण टाकलेले. ओल, ऊब, वर पडलेला भार, सगळं हे कण टिपून ठेवत. काम बिघडलं तर कुणामुळं, ते माणसांनी सांगायची गरजच उरली नव्हती.

सरकारनं नेमलेल्या कंपनीचे तपासनीस कुलदीप साहेब गुडघ्यांवर बसून कोब्यावर एक चकती फिरवत होते. कणांनी टिपलेलं सारं त्यांच्या हातातल्या पडद्यावर उमटत होतं.

"पाणी नीट मारलंय," ते म्हणाले. "चौदा दिवस गोणपाट ओलं होतं. तिथं खोट नाही."

"असंल कशी? पाणी मी मारलंय," आक्का कडाडल्या. "खोट कुठं हाय ते हिला इचारा."

"खोट वरच्या अर्ध्या इंचात आहे. काँक्रीट ओतलं की त्यातलं पाणी वर येतं. ते उडून जायच्या आधीच कुणीतरी वर कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि घोटलं. पाणी खाली कोंडलं, वर नुसतं कवच बसलं. तेच सुटतंय. त्या कवचात जिवाणू नाहीत, म्हणून ते स्वतःला सांधतही नाही."

आक्कांनी कोब्यावरची टाच हळूच मागं घेतली.

कोबा घातला त्या दिवशी नातीच्या लग्नाची तारीख धरायला व्याही येणार होते. 'आरशावानी घोट,' आक्कांनीच सांगितलं होतं. 'तासभर थांबू आक्का, पाणी वर हाय अजून,' यास्मिन म्हणाली होती. 'मला शिकवतीस? टाक सिमेंट!' आणि संध्याकाळी ती चमक बघून व्याही फाटकातच चपला काढून, कडेच्या फळ्यांवरून चालत आले होते. आक्कांची छाती तेव्हा केवढी फुगली होती!

"सव्वाअकराला फळीवर दोघांचा भार दिसतोय," कुलदीप साहेब म्हणाले. "एक जण बसून घोटतोय, दुसरा उभा. दुसरं कोण होतं?"

"कुणी न्हवतं," यास्मिन पहिल्यांदा बोलली. "सिमेंटची गोणी हुती."

"गोणी या पायावरून त्या पायावर भार टाकत नाही."

"चूक माझी हाय साहेब. लिहा की, आन् मिटवा."

"मिटवा कसलं? तुमचा नंबर काळ्या यादीत जाईल. पाच वर्षं राज्यात कुठंही थापी धरता येणार नाही."

यास्मिननं कबूल असल्यासारखी मान हलवली. आता मात्र आक्कांचं डोकं फिरलं.

"गोणी? मी गोणी व्हय गं? माझ्यावर उपकार करतीस? पाच वर्षं लेकरांना काय वाळू खायला घालणार हाईस?" त्या साहेबांकडे वळल्या. "ती मी हुते. ही नगं म्हनत हुती, मी दटावलं. माझं नाव लिव्हा."

कुलदीप साहेबांनी पडदा वर सरकवला, खाली सरकवला. "तसा रकाना नाही, आजी. माल, पाणी आणि कामगार, एवढंच विचारतात. हुकूम कुणी दिला, ते यंत्र घेत नाही."

"दान्यांना माझा पाय कळला आन् माझं तोंड कळंना?"

"मी तरी काय करू? उद्या गाडी येईल, वरच्या थराचा तुकडा कापून नेईल. तो मिळाला की निकाल पक्का."

"आन् न्हाई मिळाला तर?"

"तर निकालच लागत नाही."

एकदम साध्या आवाजात आक्कांनी विचारलं, "कोबा दुरुस्त कसा करायचा म्हनं?"

"सोपं आहे. टणक लागेपर्यंत कवच घासून काढायचं. स्वच्छ धुवायचं. ओलसर असतानाच सिमेंटचा पातळ घोळ ब्रशनं चोळायचा आणि त्यावर जिवाणू घातलेला नवा थर द्यायचा. वर आलेलं पाणी जाईपर्यंत थापी लावायची नाही, आणि नंतर आठवडाभर ओलं ठेवायचं. पण आज हात लावू नका."

आक्कांनी पदर खोचला. यास्मिनच्या स्कूटीवरचं घासायचं मशीन उचलून त्यांनी ओट्यावरच्या प्लगात वायर खुपसली.

"आक्का, नगा!" यास्मिन धावली.

"आजी, थांबा! तो पुरावा आहे. खरवडलात तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल!"

बटणावरचा अंगठा थांबला.

"माझ्यावर? म्हंजी त्याला मालकाचा रकाना हाय?"

कुलदीप साहेबांनी पडद्याकडे बघितलं. मग नजर खाली घेतली. "आहे."

"मग लिव्हा. इंदराबाई लोंढे, घर नंबर सव्वीस." मशीन घरघरलं. पांढरी धूळ तिघांच्याही अंगावर उडाली, आणि त्या आवाजावर आवाज चढवून आक्का ओरडल्या, "आन् का खरवडला, ते लिव्हायला जागा हाय का तिथं? बघा की, हाय का?"